फॅटी लिव्हरवर प्रोबायोटिक कॅप्सूल कोणी घेतलीय का? खरंच फरक पडतो?

रातांबा
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही गुहागरजवळ राहतो, घरची थोडी नारळी-पोफळी आहे आणि मागच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या महिन्यात ह्यांच्या इन्शुरन्ससाठी तपासण्या झाल्या त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. वय ५२, वजन ८१, उंची साडेपाच फुटाच्या जरा वर. रक्तात लिव्हरचे आकडे म्हणजे एसजीपीटी ६८, एसजीओटी ४६, शिवाय प्लेटलेट २ लाख ४० हजार, तीन महिन्यांची साखर ६.१. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा आणि सहा महिन्यांनी या, औषध काही दिलं नाही. आता ह्यांचं गणित असं की औषध दिलं नाही म्हणजे एकतर आजार नाही नाहीतर डॉक्टरला कळत नाही!

परवा मेडिकलवाल्याकडे बीपीची गोळी आणायला गेले आणि येताना प्रोबायोटिकच्या ३० कॅप्सूल घेऊन आले, अकराशे रुपये. तो म्हणे पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढले की लिव्हर आपोआप साफ होतं. आमच्याकडे रोज घरचं दही-ताक असतं, मग ही वेगळी कॅप्सूल कशाला हे मला कळेना. कोणाला अनुभव आहे का? की अकराशे रुपये पाण्यात?

चाकरमानी ठाणेकर
पाण्यात नाही हो ताई, पोटात. 😄 वाचतोय, आमच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं तर अर्ध्या फ्लोअरला फॅटी लिव्हर निघालं, मला पण ग्रेड १.

बंदरावरचो बाबलो
माका चार वर्षांपूर्वी निघाला होता. मिया काय दारू पिणारो नाय, तरी रिपोर्ट बघून बायल माझ्याकडे अशी बघूक लागली जसो काय मिया लपून पितंय. लिव्हर म्हटला की लोकांका बाटलीच दिसता. कॅप्सूल-बिप्सूल काय घेतलंय नाय, डॉक्टरान चालूक सांगल्यान, होडयेवरना उतरलंय की बंदर ते घर चालत येतंय. आता काय असा देव जाणे, परत तपासूक गेलंय नाय.

पडवीतला डॉक्टर
बाबलो, परत तपासा. चार वर्षं हा मोठा काळ आहे.

रातांबाताई, मी चिपळूणकडे जनरल प्रॅक्टिस करतो, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही हे आधीच सांगतो. तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून एक हिशोब करून बघितला. एफआयबी-फोर म्हणतात त्याला, लिव्हरला व्रण पडायला लागलेत का याचा साधा अंदाज. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. प्लेटलेट हजारात धरायच्या म्हणजे २४०. तुमच्या मिस्टरांचा येतो १.२१. १.३ च्या खाली असेल तर मोठा फायब्रोसिस, म्हणजे तेच व्रण, असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला तर पळा. म्हणजे घाबरायचं नाही, पण आतल्या काठावर आहेत.

तुमच्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही ते बरोबरच केलं. मात्र 'वजन उतरवा' म्हणताना किती ते सांगायला हवं होतं. साधारण ५ टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूज निवळते, १० च्या पुढे गेलं तर बऱ्याच जणांचे व्रणसुद्धा मागे फिरतात. ८१ किलोचे ५ टक्के म्हणजे ४ किलो. चार किलो! ते पण सहा महिन्यांत.

आणि बाबलोच्या बायकोसाठी: हा आजार दारू न पिणाऱ्यांनाही होतो. पूर्वी नावातच 'नॉन अल्कोहोलिक' होतं, २०२३ मध्ये ते बदलून 'मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड' वगैरे लांबलचक केलंय, म्हणजे साखर-पोट-बीपी-कोलेस्टेरॉल यांच्या गोतावळ्यातला आजार. आपल्या सरकारने पण २०२१ साली फॅटी लिव्हर हा मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलाय.

रातांबा
डॉक्टरसाहेब खूप धन्यवाद, वर्गमूळ काढून दिलंत, इतकं तर ह्यांच्या सख्ख्या भावानेही केलं नसतं. ह्यांना वाचून दाखवलं, 'आतल्या काठावर' एवढंच ऐकलं आणि परत झोपाळ्यावर. पण मूळ प्रश्न राहिलाच की, कॅप्सूलचं काय?

सूक्ष्मदर्शी
यावर मी बोलते, मायक्रोबायोलॉजी शिकवते, दापोलीत असते. लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

मेडिकलवाला अगदीच हवेत बोलला नाही. आतड्यातून जे रक्त निघतं ते थेट हृदयाकडे न जाता पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्ये येतं, लिव्हरच्या एकूण रक्तापैकी जवळपास पाऊण भाग हाच. म्हणजे आतड्यात जे शिजतं त्याची पहिली झळ लिव्हरला. आता आतड्याची भिंत म्हणजे आपला चिऱ्यांचा गडगा समजा. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, फट नाही. खाण्यापिण्यामुळे, वजनामुळे, आतल्या जंतूंचा तोल बिघडल्यामुळे या गडग्याला फटी पडतात आणि जंतूंच्या कवचाचे तुकडे, एलपीएस म्हणतात त्यांना, रक्तात शिरतात. शेजारची गुरं परसात शिरावी तशी. लिव्हरमधल्या राखणदार पेशी, कुप्फर सेल्स, त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या मारामारीत लिव्हरलाच सूज. चरबी आधीच साठलेली असेल तर ही सूज जास्त घातक. म्हणून कल्पना अशी की चांगले जंतू सोडले तर गडगा दुरुस्त होईल. कल्पना सुंदर आहे. उंदरांमध्ये तर ती झकास चालते.

माणसांत गोष्ट फिस्कटते. २०१३ मध्ये हाँगकाँगमध्ये एक छोटा अभ्यास झाला, बायोप्सी करून पक्कं निदान झालेले २० रुग्ण, त्यातल्या १० जणांना सहा महिने प्रोबायोटिक. त्यांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २२.६ टक्क्यांवरून १४.९ वर आली. वाचून उड्या माराव्यात असं. पण दहा माणसं म्हणजे आमच्या वाडीतली एक पंगत पण नाही. मग इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला १०४ जणांवर वर्षभर नीट प्रयोग केला, निम्म्यांना बिफिडोबॅक्टेरियम आणि त्या जंतूंचं खाद्य, निम्म्यांना तसंच दिसणारं पण खोटं औषध, कोणाला काय दिलंय ते त्यांनाही माहीत नाही. २०२० मध्ये निकाल आला: पोटातले जंतू खरंच बदलले, पण लिव्हरची चरबीही हलली नाही आणि व्रणांच्या खुणाही नाहीत. म्हणजे पाहुणे घरात आले, राहिले, जेवले, पण गडगा काही बांधला नाही.

बाकी असे बरेच लहान-लहान अभ्यास आहेत, दोन-तीन महिन्यांचे, प्रत्येकात जंतू वेगळा, डोस वेगळा. सगळे एकत्र करून बघितलं तर एसजीपीटी थोडं उतरलेलं दिसतं. म्हणून मी 'थोतांड' म्हणणार नाही आणि 'औषध' पण म्हणणार नाही.

चाकरमानी ठाणेकर
गडग्याची उपमा घेतो, पुढच्या मीटिंगमध्ये वापरतो. एक शंका, माडीत, म्हणजे माडाच्या ताडीत, पण यीस्ट-बिस्ट जिवंत असतात ना? मग सकाळची ताजी माडी म्हणजे नैसर्गिक प्रोबायोटिकच की. विचारून ठेवतो, मे महिन्यात गावी येतोय. 😁

सूक्ष्मदर्शी
असतात, यीस्ट असतात, लॅक्टिक आम्ल करणारे जंतू असतात. आणि संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्क्यांच्या घरात अल्कोहोल पण असतं. गडगा बांधायला आलेला गवंडीच दगड चोरून नेतोय असं समजा.

गंमत म्हणजे उलटी गोष्ट पण आहे. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांना काही फॅटी लिव्हरवाल्यांच्या पोटात क्लेबसिएला न्यूमोनी जंतूची अशी जात सापडली जी गोडधोड खाल्लं की आतल्या आत दारू गाळते. माणूस थेंब घेत नाही आणि भट्टी पोटात चालू.

बंदरावरचो बाबलो
ह्या बायलेक वाचून दाखवतंय आत्ताच. माझी भट्टी पोटात होती म्हणान सांगतंय.

निर्गुडी
एवढं सगळं विलायती कशाला हवंय? आमच्या पणजीच्या काळी कोणाला फॅटी लिव्हर होतं का? सकाळी पेज, दुपारी ताक, आंबील, आंबोळ्या, खारातल्या कैऱ्या, हेच आपलं प्रोबायोटिक. शास्त्रज्ञांना दह्यासाठी नोबेल मिळालंय, आपण हजारो वर्षं खातोय. ताई, कॅप्सूल फेकून द्या आणि रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू करा, लिव्हर स्वच्छ.

सूक्ष्मदर्शी
निर्गुडीताई, दह्यासाठी नोबेल हा व्हॉट्सॅपवरचा घोळ. मेचनिकोफ यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारक पेशींच्या कामासाठी, आंबट दुधाचं वेड हा त्यांचा वेगळा छंद. पण यादी छान दिलीत, तिच्यावरून एक सांगते. आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं तेव्हा जंतूंनी भरलेलं असतं, पण बिडाच्या तव्यावर पडलं की सगळे मेले. आंबील उकळली की तेच. जिवंत पोचतं ते ताक, आणि थोडंफार खारातली कैरी, पण तिच्यात मीठ इतकं की बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाने फोडीवर भागवावं. पाकिटातलं जे ताक फ्रिजबाहेर सहा महिने टिकतं त्यात जिवंत काही नसतं. आंबोळी खाऊ नका असं नाही हं, आंबवल्याने पचायला बरी होतेच. फक्त तिला जिवंत जंतूंचं श्रेय देऊ नका.

आणि घरच्या दह्यात जंतू भरपूर, पण कोणता किती ते माहीत नाही. प्रोबायोटिक म्हणायला ठराविक जंतू, ठराविक मात्रा आणि त्याचा फायदा दाखवलेला असावा लागतो. आपल्याकडे प्रोबायोटिक म्हणून विकायचं तर रोजच्या मात्रेत निदान १० कोटी जिवंत जंतू असावे लागतात. ताईंच्या पाकिटावर काय लिहिलंय बघा, जात कोणती, किती, आणि कुठे ठेवायचं.

पडवीतला डॉक्टर
गुळवेलीबद्दल मात्र गप्प बसवत नाही. कोविडच्या काळात इम्युनिटी म्हणून लोकांनी काढे प्यायले आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच कुरकुरतंय त्याने रोज उठून काढा कशाला?

निर्गुडी
डॉक्टरांना आयुर्वेदाचं नाव काढलं की त्रास होतोच. असो. आमच्याकडे चाललंय ते चालू राहणार.

आजोळ देवगड
भांडू नका रे. माझ्या मामांना सिरॉसिस आहे, लिव्हर व्रणांनी कडक झालंय, त्यांना तर मोठ्या डॉक्टरांनीच पोटातल्या जंतूंसाठी गोड सिरप दिलंय, बडबडायला लागले होते ते त्याने उतरलं. मग जंतूंचा आणि लिव्हरचा संबंध आहे म्हणजे कॅप्सूल चालणारच ना?

पडवीतला डॉक्टर
ते लॅक्टुलोज असणार. ते जंतू नव्हे, साखरेचाच एक प्रकार आहे जो आपल्याला पचत नाही, आतड्यातल्या जंतूंना पचतो. त्याने पोट साफ राहतं आणि मेंदूला चढणारा अमोनिया कमी होतो. सिरॉसिसमधला तो उपचार सिद्ध झालेला आहे, पण त्याने चरबी जात नाही. मामांचं सिरप बंद करू नका आणि त्यांना ही कॅप्सूल आपल्या मनाने देऊ नका. 'देऊन बघू, नुकसान काय' हे वाक्य मी रोज ऐकतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला जोरात सूज आलेल्या रुग्णांना असंच प्रोबायोटिक देऊन बघितलं होतं, २००८ मध्ये छापून आलं, औषध घेतलेल्या गटात १६ टक्के दगावले, न घेतलेल्यात ६. धडधाकट माणसाला बहुधा गॅसपलीकडे काही होत नाही. फार आजारी माणसाची गोष्ट वेगळी.

रातांबा
पाकीट बघितलं. चार जातींची नावं आहेत, २०० कोटी लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात '२ ते ८ डिग्रीत ठेवा'. मेडिकलवाल्याने ते काउंटरमागच्या फळीवरून काढून दिलं होतं!! आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाते कधी येते त्याचा नेम नाही, फ्रिज म्हणजे कपाट असतं तेव्हा. म्हणजे आतले २०० कोटी जिवंत आहेत की नाही देव जाणे.

सूक्ष्मदर्शी
बहुतेक अर्धे तरी स्वर्गवासी. म्हणून पोरांना जुलाब झाले की देतात त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत बॅसिलसचे बीजाणू असतात, ते बाहेर ठेवले तरी टिकतात. पण त्याचा फॅटी लिव्हरशी संबंध जोडू नका, नाहीतर उद्या त्या कुप्या आणाल.

ते जाऊ दे, मला एक विचारायचंय. मिस्टर दिवसभरात पितात काय? खातात काय ते विचारत नाही, पितात काय?

रातांबा
दारू नाही. माडी वर्षातून दोनदा. चहा चार वेळा, साखर दीड चमचा. आणि सरबत असतंच ना घरचं. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्यांदा कोकम सरबत देतो, ते ह्यांच्या हातानेच होतं आणि पाहुण्यांसोबत स्वतः पण घेतात, एकट्याने प्यायला देणं बरं दिसत नाही म्हणे. सीझनला दिवसाला पाच-सहा ग्लास होत असतील. पण कोकम चांगलंच ना पित्ताला?

सूक्ष्मदर्शी
सापडलं. ताई, सरबत कसं करता? आगळाचं की अमृत कोकमाचं?

रातांबा
अमृत कोकम. एक किलो रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, वाट्यांना दोन किलो साखर, बरणीत थर लावून उन्हात. अरे देवा.

सूक्ष्मदर्शी
हो. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजचा मुख्य निचरा लिव्हरमध्येच होतो, जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. ग्लासात चार-पाच चमचे साखर धरली तरी सहा ग्लासांचं काय होतं ते तुम्हीच बघा. सहा ग्लास साखर वर आणि एक कॅप्सूल खाली, कोण जिंकणार? आगळ वापरा, त्यात मीठच असतं, पण बीपी आहे म्हणून तेही बेताने आणि भरपूर पाण्यात. आणि कोकमाचं नाव बघून वजन कमी करायच्या गार्सिनियाच्या गोळ्या आणू नका कोणी, तो कोकमाचा चुलत भाऊ, त्याच्या अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस जगभर आहेत.

चाकरमानी ठाणेकर
आयडी रातांबा आणि आरोपी पण रातांबाच. 😂 बाय द वे डॉक्टर, ते वजन उतरवायचं इंजेक्शन फॅटी लिव्हरला पण चालतं म्हणे?

पडवीतला डॉक्टर
अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम नावाची गोळी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड इंजेक्शन मंजूर झालं, पण दोन्ही सूज आणि मध्यम ते बराच फायब्रोसिस असलेल्यांसाठी. ग्रेड १ वाल्या ठाणेकराने स्टेशनवरून रिक्षा न करता चालत जावं.

चाकरमानी ठाणेकर
उगाच विचारलं.

रातांबा
*(पाच महिन्यांनी)*
धागा वर काढतेय, रागावू नका. परवा तपासण्या झाल्या. वजन ७५.५. एसजीपीटी ४१, एसजीओटी ३३. जिल्ह्याच्या गावी फायब्रोस्कॅन पण करून आलो, लिव्हरचा कडकपणा ५.४ आणि चरबीचा आकडा २६२, डॉक्टर म्हणाले व्रण नाहीत, चरबी अजून आहे पण बेतात.

केलं काय ते सांगते. अमृत कोकमाच्या बरण्या विकायला ठेवल्या त्या ठेवल्या, घरात नाहीत. पाहुण्यांना आता आगळ-जिरं-मीठ देतो, पुण्याच्या एका बाई म्हणाल्या हे जास्त ओरिजिनल वाटतं, मी कशाला बोलतेय. चहा दोन वेळा, तो पण अर्ध्या चमच्याचा. रात्री भात एकच वाढप, त्यावरून पहिला महिना घरात रोज महाभारत. ताटात मासा तोच, पण तळलेला रविवारीच. सकाळी समुद्रावर चालणं, सुरुवातीला एकटे जायला लाजायचे, लोक विचारतात कुठे निघालात म्हणून, मग हातात पिशवी घ्यायला लागले की बाजारात चाललोय असं वाटावं. रिकामी पिशवी घेऊन गेले आणि रिकामी घेऊन आले असे पाच महिने.

पडवीतला डॉक्टर
साडेपाच किलो म्हणजे जवळपास ७ टक्के. फार छान. आता हे टिकवा, आणि सहा महिन्यांनी परत.

आजोळ देवगड
अभिनंदन ताई! पण कॅप्सूल पण चालू होती ना? म्हणजे त्याचाही उपयोग झालाच असेल थोडा.

रातांबा
तेच तर सांगायचं राहिलं. पाकिटातल्या अकरा घेतल्या, मग जुलैत तीन दिवस लाईट नव्हती तेव्हा फ्रिजमधलं सगळं आवरताना दह्याबरोबर त्या पण टाकल्या. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते शेजारच्या काकांना सांगत फिरतात की अकराशेची कॅप्सूल घेतली आणि लिव्हर साफ झालं, आणि काकांनी काल दोन पाकिटं आणली.

बंदरावरचो बाबलो
काकांका काय सांगतलास मगे?

रातांबा
काही नाही. त्यांच्याकडे सरबताला बोलवलंय आज, बघते बरणी कुठली काढतात ते.